सूर धरणाऱ्याची पहिली तबकडी

आबा, तुमच्या त्या सूर धरणाऱ्या पोराची तबकडी निघाली. तुमच्या मुलाची नव्हे, त्याची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण माझ्या पोटात जे दुखतंय ते तुम्हीच सुरू करून ठेवलंत. मुंबईला गेल्यावर तो आधी वरातीच्या बँडात होता. मग एका गोव्याच्या मास्तराने त्याच्या हाती सॅक्सोफोन दिला, हुक्क्यासारखं वाकडं पितळी वाद्य. आता मोठ्या हॉटेलात साहेबलोक नाचतात तेव्हा हा वाजवतो. त्या वाजवण्याला जॅझ म्हणतात. तबकडीवर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत छापलंय. मी जन्मभर देवळात नि मांडवात सनई फुंकतोय, माझं नाव लग्नपत्रिकेतसुद्धा कुणी घातलं नाही.

रीत तुमचीच. सनई मुलाने वाजवायची, बाहेरच्याने शेजारी बसून नुसता एक स्वर धरायचा, न तोडता. मला तुम्ही राग शिकवलेत आणि त्याला ओटीवर पाण्याच्या वाटीपुढे बसवून पपईच्या देठाची नळी दिलीत. गालातला वारा सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा, पाण्यातले बुडबुडे थांबता कामा नयेत. मला हसू यायचं. मग पोलादपूरच्या लग्नात नवरा मांडवात येताना मी ताना घेत सुटलो आणि मध्येच दम संपून गप्प झालो. त्याचा सूर चालू होता, म्हणून वऱ्हाडाला काही कळलं नाही. परतताना बैलगाडीत सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "वाजवतोस लय रे, पन दम नाय तुझ्यात. दम त्याच्यात हाय." तो बिचारा मान खाली घालून बसलाय, आणि मला तो तिथेच गाडीतून ढकलून द्यावासा वाटतोय.

परवा महाडच्या पेठेत कापडवाल्याने ग्रामोफोनवर ती तबकडी लावली. मागे पियानो, ड्रम, काय काय धडधडत असतं, आणि हा पठ्ठ्या एकच स्वर धरून बसतो. मध्ये कुठे श्वास नाही. कापडवाला म्हणाला, "ही साहेबांकडून शिकलेली विद्या, इथे गावात बसून नाही जमायची." ही आमच्या ओटीवरची विद्या आहे, माझ्या बापाची आहे, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. बोललो असतो तर त्याने विचारलंच असतं, मग तुला का नाही येत?

नाव, हॉटेल, सोनेरी अक्षरं त्याला लखलाभ. पण तुमच्या पोटी जन्मलो मी आणि तुमचा दम नेला त्याने, याने माझा जीव जळतो.

हे पत्र जायचं कुठे? सनईच्या पिशवीतच राहील. काल सव गावात लग्न होतं. नवऱ्याचा मुंबईकर भाऊ म्हणाला, "मास्तर, ते रेकॉर्डवालं वाजवा ना." मी म्हणालो, मला नाही येत. खोटं बोललो, आबा. मला ते अख्खं येतं, तो एक स्वर सोडून.