गिरजाचा रोट

जळगाव,
१० ऑगस्ट २०२५

ती. भिकुअक्कांना,
रूपाचा नमस्कार पोचावा, आणि आबांनाही सांगावा. कानबाईचा सण आटोपून धुळ्याहून निघाले त्या दिवशी पारोळ्याच्या अलीकडे बस पंक्चर झाली. तुम्ही डब्यात बांधून दिलेल्या पोळ्या नि ठेचा मी तिथेच झाडाखाली बसून खाल्ला, त्यामुळे उशीर झाला तरी वाईट काही वाटलं नाही. माझी मेघा पुण्यात मजेत आहे, नोकरी ठीक चालली आहे. डाळ मिलमध्ये सध्या पॅकिंगचं काम जास्त आहे, पण सणासुदीला ते असायचंच.

तुमचा गुडघा कसा आहे? फोन करावा तर तुमच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं. मेसेज केला तर तुमचा हितेंद्र आख्ख्या घराला वाचून दाखवतो, आणि सूनबाई त्यावर आपलं मत देते. आपल्या दोघींच्या गोष्टींना पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. परवाचं ‘वाघुरणीची माणसं’ पाहिलंत ना? तुम्ही टीव्हीला शिव्या घातल्या असतील हे मला इथे बसून दिसतंय. नवरा गेल्यावर गिरजा दौलतशी लग्न करून गेली तेव्हाच तुम्ही अबोला धरला होता, माझ्याशी नाही, मालिकेशी. आता तर कमाल झाली. श्रावणात ती पहिल्या सासरी कानबाईला येते काय, तिची थोरली जाऊ सोनाक्का तिला पाटावर बसवते काय, आणि घरच्यांनीच खायच्या प्रसादाच्या रोटाचा पहिला घास तिलाच देते काय!

आमच्या ग्रुपमध्ये नुसता गोंधळ. तुम्हाला सांगितलंय ना, आम्ही मालिकेचे लोक रविवारी सकाळी मेहरूण तलावावर जमतो. कुणी चहा आणतं, कुणी केळीचे वेफर, आणि दोन तास जी माणसं जगात नाहीतच त्यांच्यावरून भांडतो. मिलमधली सुलक्षणा मास्तरांच्या बाजूची. तिच्या मते गिरजाने चित्रकलेच्या मास्तरांशीच लग्न करायला हवं होतं, कारण त्यांचे डोळे बोलतात. मी तिला म्हटलं, बाई, डोळे बोलतात पण तोंड कधी उघडणार? दौलत निदान जीप थांबवून विचारतो तरी, येतेस का म्हणून.

वरणगावला राहणारे, तिथल्या फॅक्टरीतून रिटायर झालेले ते प्रेमराजभाऊ आहेत ना, त्यांना जोड्यांपेक्षा गावातच रस. त्यांनी वाघुरणीचा नकाशा काढलाय. गिरजाची केळी पिकवायची खोली कुठे, पिंपळाचा पार कुठे, सगळं दाखवलंय. त्यांचं म्हणणं, पहिल्या महिन्यात नदी पाराच्या डावीकडून वाहत होती, आता उजवीकडून वाहते. चॅनलला त्यांनी तसं कळवलं. उत्तर आलं नाही, म्हणून परत कळवलं. आम्ही हसतो, पण त्यांनी सांगितल्यापासून मीसुद्धा आधी नदीच बघते.

तर रोटाचं. सगळे म्हणाले, चूक दाखवलं, मुंबईला बसून लिहिणाऱ्यांना खान्देशातलं काय कळतं. मला ते पाहताना चूक वाटलं नाही, अक्का. सोनाक्काने घास पुढे केला तेव्हा मला रडू आलं. तुमचं काय मत? अगदी चूकच का? काही तोडगा असतो का अशा वेळी? जुन्या बायकांकडून काही ऐकलं असेल तर कळवा. मालिकेपुरतंच विचारते आहे.

तुमची धाकटी जाऊ,
रूपा

धुळे,
१६ ऑगस्ट

चि. रूपास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा आहे तसाच आहे, तो माझ्याबरोबरच जायचा. आबा बरे आहेत. हितेंद्रने नवा टीव्ही घेतला. त्यात माणसांच्या तोंडावरचे फोड दिसतात. कशाला हवं होतं?

तो भाग मी पाहिला. सोनाक्काने घास उचलला आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, ‘आसं कोठे ऱ्हास व माय?’ असं कुठे असतं का! आबा दचकून उठले. अगं, गहू घेतो तेव्हा आपण काय करतो? घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ टाकतो. धुऊन घेतलेल्या चक्कीवर दळून आणतो. त्याचा रोट फक्त आपल्या कुळाने खायचा. पोटची लेकसुद्धा लग्न करून गेली की तिची मूठ बंद. माझ्या नणंदा, आबांच्या सख्ख्या बहिणी, दारात उभ्या राहून रोटाकडे बघायच्या आणि हसून पुरणपोळी घ्यायच्या. मग गिरजाला कसा चालेल? ती दौलतच्या घरची झाली. तोडगा बिडगा काही नाही. विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते.

मास्तर नको, दौलतही नको. तुम्ही सगळ्या त्या बाईला कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात बांधायला निघाल्या आहात. माझी जोडी पहिल्या दिवसापासून एकच, गिरजा आणि सोनाक्का. दोघी जावा ओट्यावर बसून वाल सोलतात आणि गावाची निंदा करतात, ते मला सगळ्यात आवडायचं. गिरजा गेली तेव्हापासून सोनाक्का एकटीच सोलते. तेवढं तुमच्या ग्रुपात कुणाला दिसलं नाही.

आता माझं ऐक. कानबाईला तू जेवायला माझ्या शेजारी होतीस. रोटाचा एक तुकडा तू ताटातून उचललास आणि रुमालात बांधलास. मला कमी ऐकू येतं, कमी दिसत नाही. आपला रोट बाहेर न्यायचा नसतो, परक्याला द्यायचा नसतो, हे तुला लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच शिकवलं. तुझा ललित गेला त्या वर्षीसुद्धा तू असलं काही केलं नाहीस. तो तुकडा कुणासाठी नेलास?

आणि गिरजाच्या रोटाची तुला एवढी काळजी का, तेही लिही. मालिकेपुरतं विचारते आहेस म्हणालीस. मालिकेपुरतं विचारणारी बाई तोडगा विचारत नाही.

तुझी थोरली जाऊ,
भिकुबाई

जळगाव,
२१ ऑगस्ट

ती. अक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र मिलमध्ये घेऊन गेले, डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आणला. तुमच्यापासून काही लपत नाही हे माहीत असून मी मालिकेचं नाव पुढे केलं. तुम्ही हसाल म्हणून नाही, तुम्ही गप्प व्हाल म्हणून.

आधी रोटाचं सांगते. तो तुकडा मी कुणालाही दिला नाही, शपथ घेते. घरी आणून देवाजवळ ठेवला आणि रोज चिमूट चिमूट करून मीच खाल्ला. पुढच्या श्रावणात मला मिळणार नाही असं मनात आलं, म्हणून पुरवून खाल्ला. तुम्ही गव्हात माझ्या नावाची मूठ टाकलीत, ‘ही रूपाची’ म्हणालात, तेव्हाच तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही इतक्या सहज म्हणालात की माझा धीर सुटला.

प्रेमराजने मला लग्नाचं विचारलंय. तेच नकाशावाले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. माणूस शांत आहे, चहात साखर जास्त घेतो आणि कुणाचं बोलणं मध्ये तोडत नाही. कानबाईच्या आधीच्या रविवारी सगळे मास्तर की दौलत म्हणून भांडत होते, तेव्हा ते माझ्या बाजूला बसून हळूच म्हणाले, ‘दिवाळीनंतर मालिका संपणार आहे म्हणतात. मग आपण रविवारी कोणत्या कारणाने भेटायचं?’ मी म्हटलं, दुसरी मालिका लागेल की. तर म्हणाले, ‘तीही संपेल. मला न संपणारं काहीतरी विचारायचं आहे.’ अक्का, या वयात मला लाजायला झालं. सुलक्षणा बघत होती, म्हणून मी वेफरची पिशवी उघडून सगळ्यांना वाटत सुटले.

मेघाला सांगितलं. ती फोनवर रडली आणि म्हणाली, आई, आता माझी काळजी अर्धी झाली. मिलमध्ये चर्चा होईल, चार दिवस होईल. लोकांचं मला काही वाटत नाही. ललितचंही वाटत नाही, खरं सांगते. त्यांचा फोटो समोर ठेवून मी विचार केला आणि मला त्यांचा राग दिसला नाही. ते असते तर प्रेमराजबरोबर तासभर नदीच्या बाजूवर वाद घातला असता.

वाटतं ते तुमचं. माझी आई मेघा पोटात असतानाच गेली, दादाने घर विकून टाकलं. मला जायला एकच दार आहे आणि ते धुळ्याला आहे. लग्न केलं तर मी तुमच्या घरची राहत नाही. पुढच्या वर्षी गहू घेताना तुम्ही आबांची मूठ टाकाल, हितेंद्रची टाकाल, सूनबाईची टाकाल आणि पुढे जाल. त्या मुठीवरच माझं सगळं अडलंय. प्रेमराजला मी सांगितलंय, अक्कांचं पत्र आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. ते म्हणाले, थांबतो.

तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही म्हणेन, आणि तुमच्यावर रागही धरणार नाही. हो म्हणालात तर मात्र मनापासून म्हणा. अर्धं हो मला पेलणार नाही.

अजून तरी तुमचीच,
रूपा

धुळे,
२९ ऑगस्ट

चि. रूपास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पत्र वाचल्यावर मला आधी रागच आला, तो लपवत नाही. माझी एवढ्या वर्षांची जाऊ कुणी नकाशे काढणारा घेऊन चालला, राग येणार नाही तर काय? दोन दिवस मी आबांशी धड बोलले नाही. ते बिचारे विचारत राहिले, ‘हाई काय चालनं शे?’ शेवटी त्यांच्या पुढ्यात तुझं पत्र टाकलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, ‘पोरगी कोर्टात लग्न करून मोकळी होऊ शकली असती. तुला विचारायला थांबली आहे.’ एवढंच बोलले आणि गाईला चारा टाकायला गेले.

मग मी विचार करत बसले. रोटाचं आधी सांगते, कारण तू तेच विचारलंस. पुढच्या श्रावणात तुझ्या नावाची मूठ पडणार नाही. मी सोनाक्का नाही. टीव्हीत चालतं ते माझ्या देवघरात चालणार नाही, आणि तुझं मन राखायला मी कानबाईशी खोटं बोलणार नाही. ते तू मनात धरू नकोस.

पण एक गोष्ट मला इतकी वर्षं करून कळली नव्हती, ती तुझ्या पत्राने कळली. आपण दर श्रावणात काय करतो गं? कानबाईला आणतो, नथ घालतो, दागिने घालतो, तिचं लग्न लावतो. सोमवारी सकाळी नाचत गात पांझरा नदीवर नेऊन तिला आपणच निरोप देतो. बायकांचे डोळे भरतात. तेव्हा कुणी म्हणतं का, हिचं लग्न झालं, आता ही आपली नाही? पुढच्या वर्षी पुन्हा पाट मांडतोच. देवीला आपण लग्न लावून पाठवतो आणि माणसाला मात्र हिशेब सांगतो, हे काही बरोबर नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. सून म्हणून तुझं नाव आमच्या घरातून निघेल. लेक म्हणून लागेल. आबांना आणि मला लेक नाही, तुला माहीत आहे. तुझं लग्न आमच्या दारातून होईल. कोर्टात सही करायची तर कर, पण हळद इथे लागेल. मेघाला आधी दोन दिवस पाठव, मला हाताशी कुणीतरी लागेल. साडी मी घेणार, रंग मी ठरवणार, तू मध्ये बोलायचं नाही. तू घेतेस ते सगळे रंग धुळीचे असतात.

कानबाईला दोघं या. रोट मागायचा नाही, पुरणपोळी भरपूर मिळेल. लेकी बघतात तशी तूही दारातून बघ आणि हस. प्रेमराजांना सांग, आमच्या घरी जावयाचा मान मोठा आहे, पण पांझरा कुठल्या बाजूने वाहते हे आम्हाला शिकवायचं नाही. आणि साखर जास्त खातात, तेव्हा त्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं.

ग्रुपात माझं मत सांग. सोनाक्काने गिरजाला रोट दिला ते चुकलंच. तिने तिला लेक म्हणून घरात घ्यायला हवं होतं, म्हणजे रोटाचा प्रश्नच आला नसता. लिहिणाऱ्यांना एवढं सुचायला हवं होतं.

आता मनापासून हो म्हणते. पूर्ण हो. जा आणि त्यांना सांग, बिचारे थांबले असतील.

चैत्र संपला की आखाजी येते. त्या सणाला कुणाची लेक सासरी राहत नाही. तुझ्या आईच्या घरून तुला कुणी कधी न्यायला आलं नाही, हे मी इतकी वर्षं बघत आले आणि काही बोलले नाही. या आखाजीला हितेंद्र तुझा भाऊ म्हणून वरणगावला तुला न्यायला येईल. झोका बांधून ठेवते. गुडघा साथ देईल तितका मीही झुलेन. चार दिवसांची रजा आतापासून सांगून ठेव, आणि आल्यावर स्वयंपाकघरात पाऊल टाकलंस तर बघ.

तुझी जाऊ असं लिहायला घेतलं होतं, पण ते आता खरं राहिलं नाही. म्हणून खरं आहे ते लिहिते.

तुझं माहेर,
भिकुबाई
देवपूर, धुळे