काळी किती, पांढरी किती

११ ऑगस्ट

आज कोषांतून एकवीस पतंग निघाले! अकरा काळे, दहा पांढरे. कुठंतरी चुकतंय.

उटनूरच्या रानात जळक्या सागाच्या खोडावर काळे पतंग बसतात, न जळलेल्यावर पांढरे. हा रंग एकाच जनुकानं ठरतो, त्यात काळा वरचढ — मला हेच सिद्ध करायचंय. काळी मादी, पांढरा नर — त्यांची पिल्लं सगळीच काळी निघाली. मग त्या पिल्लांतल्याच दोन काळ्यांची जोडी जाळीच्या पेटीत लावली. आता चारात तीन काळे यायला हवेत. अर्धे-अर्धे कसे?

१३ ऑगस्ट

एकूण अठ्ठेचाळीस. पंचवीस काळे, तेवीस पांढरे.

भाग्यलक्ष्मी मॅडमना हैदराबादला फोन लावला. मार्गदर्शक त्याच. "फिर से गिनो, रुपा." चारदा मोजले की! डिसेंबरात प्रबंधाची मुदत संपते. तीन वर्षं घातलीत मी ह्यात.

जेवायला उठले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं.

१४ ऑगस्ट

जोडीतला एक पांढरा असला तरच अर्धे-अर्धे येतात. म्हणजे पेटीत पांढरा नर शिरला! कधी? जोडी लावली ५ जुलैला. ६ ला मी हैदराबादला गेले, चार दिवस पेट्या आईकडे.

आई ज्वारी निवडत होती. "पेटी उघडली होतीस?"

"पानं टाकाले उघडत होती ना. तूच सांगून गेली होती."

"आणि पांढरा आत आला!"

"नाई बाई. एक पाखरू इकडचं तिकडं नाई होऊ देल्लं."

"तुला काय कळतं त्यातलं!" — असं म्हणाले मी. आईचा हात सुपातच थांबला.

१५ ऑगस्ट

आई सकाळच्या बसनं इचोड्याला गेली, बयनामावशीकडे. बाबा एवढंच म्हणाले, "काऊन बोलली तसं?"

१८ ऑगस्ट

मॅडमना कळवलं, घरच्यांच्या हातून चूक झाली. लिहिताना काहीच वाटलं नाही. पाठवल्यावर मात्र घरात फिरत बसले. पेट्यांकडे बघवत नाही.

२० ऑगस्ट

फोनची जागा भरली म्हणून जुने फोटो पुसत होते. ५ जुलै, संध्याकाळ सहा. पेटीच्या जाळीवर जोडी बसलेली. मादी काळी. नर पांढरा.

झाकण धरलेला हात माझा.

शेजारच्या पेटीतला नर उचलला मीच. दुसऱ्या दिवशीच्या गाडीची घाई... मॅडमना फोटो पाठवला, खाली लिहिलं — चूक माझी. उद्या पहिल्या बसनं इचोडा.

२१ ऑगस्ट

मावशीच्या दारात पोचले. फोन हातातच होता, फोटो उघडलेला. मी काही बोलायच्या आत आईच उठून आली. डोळे सुजलेले.

"सात दिवस आठवून राह्यली बेटा. मीच सोडलं असंन ते पांढरं. आता मले दिसते बी — झाकण उघडलं, अन् ते आत गेलं."