खाट त्याला, पाणी तिला

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. ते आणायची हिंमत आजवर कोणाला झालेली नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. मधले शेरे गाळावेत, असं वकिलांनी सुचवलं. गाळलेले नाहीत.

१. राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी धाकट्या भावाला. पुढच्या खोलीतला पंखा कुरकुरतो. तो त्याने बदलावा, स्वतः कुरकुर करू नये.

२. छापखाना मी कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर काढला. ती यंत्रं बघायची, मी गिऱ्हाइकं. बिनसलं तेव्हा आम्ही ज्याचं त्याला अशी वाटणी केली. ती इतकी चोख झाली, की तिच्या यंत्रांना काम उरलं नाही आणि माझ्या गिऱ्हाइकांना यंत्रं. निगेटिव्ह तपासायची, आतून दिवा लागणारी काचेची टेबलं तेवढी मी उचलली. ती दारातून म्हणाली, "ने त्या काचा. तोंड बघत बस त्यात." तिच्यावरचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. तो खर्च झाला.

३. ती टेबलं आणि माझ्या वाट्याचे पैसे मी भाचीच्या ॲनिमेशन स्टुडिओत घातले. भाऊ म्हणाला, ताई, या वयात कार्टून? मी चेक लिहिला. करार असा, की तिथलं प्रत्येक चित्र माझ्या मालकीचं.

त्यांच्या फिल्ममध्ये एक बाई दुपारी झोपते आणि तिची खाट पाण्यावरून वाहत निघते. गल्ल्यांमधून, शाळेच्या जिन्यावरून, धुणं वाळत घातलेल्या गच्च्यांना वळसा घालून. बाई आणि खाट भाची काढते. गल्ल्या आणि पाणी तिचा भागीदार रंगवतो. उंच म्हणून त्याला सगळे बगळा म्हणतात. काचेवर पाण्याचं चित्र ठेवलं, त्यावर खाटेचा कागद ठेवला आणि खालचा दिवा लावला, की खाट हलते. मी खुर्चीत बसून बघते, तेव्हा माझेही पाय जमिनीवरून सुटतात. डॉक्टर म्हणतात, औषधाची गुंगी. त्यांनी फिल्म पाहिलेली नाही.

४. फिल्मवर कोणाचं नाव आधी यायचं, यावरून दोघांचं वाजलं. तेव्हापासून अबोला. आता खाट कोऱ्या कागदावर तरंगते, आणि गल्ल्यांत पाणी भरलेलं आहे पण कोणी येत नाही. दोन्ही सुंदर, दोन्ही निकामी. मी गेले की स्टुडिओ मोडायचा, हे दोघांनी मनात धरलं आहे. परवा आधी ती आली, मग तो. दोघांनी विचारलं एकच:

"आत्या, माझं मला मिळेल ना?"

हे वाक्य मी एकदा ऐकलेलं आहे. म्हटलंही आहे.

५. म्हणून भाचीने काढलेली सर्व चित्रं मी बगळ्याला देते. बगळ्याने रंगवलेल्या सर्व गल्ल्या, गच्च्या आणि सगळं पाणी भाचीला. टेबलं दोघांची, ती अर्धी करता येत नाहीत. वकिलांनी विचारलं, नावं उलटसुलट पडली का? पडलेली नाहीत.

६. पाचवं आणि हे कलम स्टुडिओत, दोघांना एकत्र बसवून वाचावं. भाषण नको, रडणं नको. त्याने खाट उचलावी, तिने पाणी पसरावं, आणि जो जवळ असेल त्याने दिवा लावावा.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च २०२३
सही: (स्वहस्ते)

साक्षीदार:
१. माझे डॉक्टर, शुद्धीची खात्री त्यांनीच केली.
२. वरच्या मजल्यावरची शिंपीण. मजकूर वाचलेला नाही, फक्त सही करताना पाहिलं.