फरशीखालचे दगड

प्रिय मालसुन ताई,

तुझ्या गुडघ्याचं विचारायचा धीर होत नाही, म्हणून आधी आपल्या करमणूक केंद्राचंच सांगते. मागच्या बुधवारी ते पुन्हा उघडलं. बाहेर ओढा गोठलेला आणि आत आम्ही बायका स्वेटर काढून ह्वाथूचे पत्ते खेळत होतो. सामचॉकवाली नेहमीसारखी हरली आणि नेहमीसारखी म्हणाली, "पत्ते नीट पिसलेच नव्हते." मग तुझ्या जागेकडे बघून पत्ते गोळा करू लागली.

पूर्वी आपण कशा बसायचो गं! रॉकेलच्या शेगडीभोवती, अंगात कोट. पुढून भाजायचं आणि पाठ गारठायची. टेबल टेनिसवाले म्हातारे हातमोजे घालून खेळायचे. जिल्ह्याकडून ती पियॉन नावाची तरुण इंजिनियर आली होती ना, तिने दारात भला मोठा पंखा बसवला आणि धुराची नळी घेऊन भिंतीभिंतीशी फिरली. जिथून वारा शिरत होता तिथे धूर एकदम वळायचा. मला म्हणाली, "आजी, इतकी वर्षं तुम्ही केंद्र नाही, डोंगर तापवत होतात." सगळे हसले. तू मात्र विचारलंस, "फरशीचं काय करणार?"

फरशी उकरायची, खाली उष्णता अडवणारा जाड थर घालायचा आणि नवी करायची, असं कागदावर होतं. त्या फरशीखालचे सपाट दगड दाजींनी नदीतून पाठीवर वाहून आणले होते. चिखल कालवायला मीही होते. दाजी गेल्यापासून तू तिथे कधी आसन घेतलं नाहीस, उघड्या फरशीवरच बसायचीस. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

तिघा विश्वस्तांच्या सह्या हव्या होत्या. माझी झाली, गावप्रमुखांची झाली. तू पेन खाली ठेवलंस. "भिंती करा, तिहेरी काचा लावा, छतावर उन्हावर वीज करणारी तावदानं चढवा. फरशीला हात लावायचा नाही." मी तीनदा तुझ्या घरी आले. तीनदा तू बटाटे उकडून खाऊ घातलेस आणि तीनदा नाही म्हणालीस. महिनाअखेरीपर्यंत सह्या झाल्या नसत्या तर दुरुस्तीच्या खर्चाची जिल्ह्याची मंजुरी रद्द होणार होती. आदल्या हिवाळ्यात कू आजोबा तिथेच गारठून कोसळले होते, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. केंद्राची प्रमुख मी. पुन्हा कुणी कोसळलं तर लोक मलाच विचारणार, असंही मनात होतं. ते जास्तच होतं.

मग अचानक तुझा मुलगा सांगग्यू आला आणि तुला देजॉनला आपल्या घरी घेऊन गेला. गाडीत बसताना तू म्हणालीस, "थोड्या दिवसांचंच आहे गं. अंगणातल्या लोणच्याच्या मडक्यांवर लक्ष ठेव." तुझ्या जागी सामचॉकवालीला विश्वस्त केलं आणि तिची सही झाली. फरशी उकरली त्या दिवशी मी मुद्दाम बाजाराला गेले. परत आले तर दगड ट्रकमधून गेलेले. कुठल्याशा बांधाच्या भरावात पडले म्हणे.

काम संपल्यावर पियॉनला मी सहज विचारलं, दगड ठेवून जमलं नसतं का? ती म्हणाली, "जमलं असतं. थर वरून घातला असता. उंबरा वीतभर उंच करावा लागला असता, इतकंच. मला कोणी सांगितलंच नाही." ताई, वीतभर उंबरा. तुझ्याकडे तीनदा आले, पण तिला एकदाही विचारलं नाही.

काल दोन माणसं तुझं घर बघायला आली. सांगग्यूने विकायला काढलंय म्हणाली, आणि माझ्याकडे किल्ली मागितली. मी दिली नाही. तो घर का विकतोय, ते मला ठाऊक आहे. मंजुरीची मुदत संपायला बारा दिवस उरले होते तेव्हा मीच त्याला फोन केला होता. म्हटलं, "आईला आता काही आठवत नाही. गॅस चालू ठेवून बाहेर जाते. एकटी ठेवू नकोस." एकदा तुझा बार्लीचा चहा करपला होता, तेवढ्या आधारावर. माझ्या घरी तर महिन्यात दोनदा करपतो. हेच पत्र मी त्यालाही वेगळ्या लिफाफ्यात धाडलं आहे, म्हणजे आई भ्रमात बोलते असं त्याने म्हणू नये. गुरुवारी दुपारच्या बसने मी देजॉनला येते. त्याच्यासमोर हे तोंडाने सांगेन. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर आतल्या खोलीत बस. मी त्याला सांगून, किल्ली तुझ्यासाठी ठेवून परत फिरेन.

तुझीच, तरी तुझ्याशी अशी वागलेली,
बोकही