काठीचा दम

प्रिय चिंगे,

पत्र पाहून घाबरू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण दुसरीपर्यंतच्या शाळेत याहून बरं कुणी शिकवलं नाही. फोनच केला असता, पण तो ह्यांच्या खुर्चीशेजारी, आणि मी कुजबुजले तरी खालच्या मजल्यावर ऐकू जातं हे तुला ठाऊकच आहे. तर ऐक. काल मी तुझ्या आजोबांच्या गळाच्या काठीचा दम मोजला! मी! जिला घड्याळातली मिनिटं मोजायला अजून बोटं लागतात तिने. पाठ थोपट माझी.

तू गेलीस त्याला आठ महिने झाले गं. त्या दिवशी तलावावरून तुम्ही दोघं आलात ते एकमेकांना न ओळखणाऱ्यांसारखे. काय झालं ते मला तुझ्याकडून अर्धं कळलं आणि त्यांच्याकडून अर्धं. काठी त्यांच्या हातात होती, पण दोरी गुंडाळायच्या चकरीचा पेच तू आधीच सैल करून ठेवला होतास. काठी किती ताण सोसते ते तिच्यावर कुठेच लिहिलेलं नाही, मोडली तर काय घ्या, अशी तुला धास्ती. आणि नेमका तेव्हाच तो मोठा मासा लागला, बारा वर्षं वाट पाहिलेला, आणि सगळी दोरी उलगडून घेऊन गेला. ह्यांनी चारचौघांत तुला भित्री म्हटलं, काठीला हात लावू दिला हीच चूक झाली म्हटलं. सकाळी तू चहासुद्धा न घेता निघालीस. तेव्हापासून ते तलावावर गेले नाहीत. काठी दारामागे उभी, ते खुर्चीत बसलेले, आणि मी दोघांच्या मधून केर काढते. छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे उलटे खिळे जुळवलेला माणूस, एक अक्षर चुकलं तर अख्खं पान मोडणारा. तो आपली चूक कशाला कबूल करतोय! आणि तू त्यांचीच नात. एकाच माळेचे मणी.

म्हटलं, भांडण ज्या गोष्टीवरून तीच गोष्ट मोजून टाकू. बाजारात गळ, दोऱ्या विकणारा म्हातारा बसतो ना, जरा बहिरा, त्याला ओरडून विचारलं. तो आधी हसला, म्हणाला, आजीबाई, या वयात मासे धरणार का? मी म्हटलं, एक धरलाय पंचेचाळीस वर्षांपूर्वी, तोच पुरे झाला. मग नीट सांगितलं बिचाऱ्याने. मूठ आडवी पक्की बांधायची, दोरी कड्यांतून ओवून तिला वजन लटकवायचं आणि थोडं थोडं वाढवत जायचं. वाकता वाकता शेंडा मुठीशी काटकोनात आला की थांबायचं. तेवढा काठीचा दम, आणि त्याच्या पाचपट ताणाची दोरी लावायची, त्याहून जाड नाही. काटकोन म्हणजे काय ते मला सांगावं लागलं नाही हो, सुताराची लेक आहे मी! वडिलांचा काटकोन तपासायचा गुण्या अजून पेटीत आहे.

ते दाढी करायला गेले तशी मी काठी जिन्याच्या कठड्याला सुतळीने आवळली, कड्यांतून नवी दोरी ओवून तिला दुधाची किटली अडकवली आणि पेल्यापेल्याने पाणी ओतत गेले. शेजारीण खालून ओरडली, आजी, जिन्यात मासे लागले का? मी म्हटलं, लागले, तू तेवढी गळाला लागू नकोस. चिंगे, काठी वाकत गेली तशी मी पेला सोडून चमच्याने पाणी ओतू लागले. शेंडा गुण्याला टेकला तशी मी हात थांबवला. किटली पाण्यासकट काट्यावर ठेवली, सातशे ग्रॅम. पाचपट किती ते करायला मला भाजी शिजेपर्यंत वेळ लागला. साडेतीन किलो! आणि चकरीवर त्या दिवशी दोरी होती सहा किलोची, ह्यांनीच हौसेने चढवलेली. म्हणजे त्या दिवशी पेच आवळलेला असता तर दोरी टिकली असती आणि काठी मोडली असती. तू भ्यालीस म्हणून ती वाचली गं.

मागे वळून बघते तर हे उभे, अर्ध्या गालाला साबण तसाच. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. म्हणाले, मूठ सैल बांधलीस, आकडा खोटा येणार. स्वतः सोडली, स्वतः बांधली, चष्मा लावून पाणी ओतलं. काटा पुन्हा सातशेवरच. मग पायरीवर बसले. म्हणाले, पोरीने बरोबर केलं होतं. एवढंच. मग तोंड धुवायला आत गेले आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. हे तुला ते स्वतः कधी कळवणार नाहीत, म्हणून मी कळवते.

पण पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. काठीवर आकडा होता, चिंगे. नवी आणली तेव्हा मुठीच्या वर बारीक सोनेरी अक्षरं होती, परक्या लिपीतली. माझं नवं लग्न, सगळं घासून लख्ख करायची हौस. मला ते वार्निशाचे डाग वाटले. भांड्यांच्या पुडीने घासून काढले. ह्यांनी काठीवर आकडा कसा नाही असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, दुकानदारानेच अक्षरं पुसलेली दिली असेल. त्या दुकानाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. पंचेचाळीस वर्षं मी गप्प राहिले, आणि माझ्या गप्प राहण्याचा ओरडा तुला बसला. काल ते पायरीवर बसले होते तेव्हा सांगणारच होते, जीभ उचलली नाही. तू ये. येत्या सुट्टीला ये. नुसती माझ्या शेजारी उभी राहा, मी सांगते त्यांना. ओरडतील ते, ओरडू देत. या खेपेला ओरडा बरोबर माणसाला बसू दे.

तुझ्या भरवशावर धीर गोळा करणारी,
तुझीच आजी