कळपासाठी राखलेला बोकड

बाबा, आत्या येऊन गेली तेव्हापासून मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता थोडं थांबावं लागतं. पण बकऱ्यांबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते जसंच्या तसं आठवतं, कारण माझी भाकरी आता त्यावरच आहे. बी.ए. झाले, मुख्यसेविका झाले, हे तुम्ही पाहिलं नाही. आर्णीला खोली घेऊन राहते आणि गावोगाव फिरून बायांना सांगते, की दव सुकल्याशिवाय बकऱ्या सोडू नका, पावसाळ्यात ओल्या जमिनीवर बसू देऊ नका, तुराट्यांचा माच बांधून द्या. कचेरीतून आलेल्या पुस्तकातही हे आहे. मी मात्र ते तुमच्या नावानं सांगते. माझे बाबा असं करायचे, म्हणते.

नागपूरहून दीक्षा घेऊन तुम्ही परत आलात तो दिवस. अंगात पांढरा सदरा, पाय धुळीनं भरलेले. आल्या आल्या तुम्ही देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधता आणि ते बुडवायला आम्ही तुमच्या मागं अडाण नदीवर जातो. आई रडते आहे. तुम्ही तिच्याकडे पाहत नाही. मग काही दिवसांनी वस्तीतले लोक जमले तेव्हा मरीमायच्या बोकडाचा विषय निघाला. आपल्याकडे घरोघरी सगळ्यात देखण्या पिलाचा कान कापून ते मरीमायच्या नावानं सोडत आणि पुढच्या आषाढात शिवेवर नेऊन कापत. तुम्ही उभं राहून म्हणालात, “चांगला तेवढा मरीमायले देता अन् मरतुकडा कळपात ठेवता. मंग पिलं कायची धड होतील?” लोक आधी हसले, मग माना हलवू लागले. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाच्या लक्षात कशी आली नाही, असं मला वाटलं होतं. तुमच्यासारखा माणूस साऱ्या तालुक्यात नाही, असंही वाटलं होतं.

दर वेताला जुळी देणारी आपली काळी बकरी पुढच्या वर्षी व्यायली. त्यातला नर कपाळावर पांढरा ठिपका असलेला, जन्मल्यापासून चारी पायांवर घट्ट. तुम्ही तो माझ्या ओटीत ठेवलात आणि म्हणालात, “याचा कान कापाचा नाही. हा कळपासाठी.” पहिला चीक मी त्याला पाजला. त्याची खुरं मी कापायची, तुरीचं कुटार मी घालायचं, शाळेतून येताना बोरीचा पाला मीच आणायचा. तो मोठा झाला आणि वस्तीत त्याची पिलं दिसू लागली, उंच, रुंद छातीची. शेजारची म्हातारी म्हणायची, ही बकरीची पिलं आहेत की वासरं. तुम्ही ओट्यावर बसून ऐकायचात आणि बिडी विझली तरी ओढत राहायचात.

मॅट्रिकचा निकाल लागला. मी पास झाले. वस्तीतली पहिलीच. कॉलेजची चौकशी करायला तुम्ही मला मामाबरोबर यवतमाळला धाडलंत. परत आले तर खुंटा रिकामा. तुम्ही म्हणालात, फुलसावंगीच्या एका शेतकऱ्यानं कळपासाठी मागितला, चांगलं रक्त चार गावांत गेलं पाहिजे. मी रडले, पण अभिमानानंही रडले. बाबा, नोकरी लागल्यावर माझा पहिला दौरा फुलसावंगीकडं होता. तिथं मी बकऱ्यांच्या कपाळांकडं पाहत फिरले आहे.

परवा आत्या माझी खोली पाहायला आली. सगळीकडून फिरून पाहिली, खिडकी उघडून पाहिली, आणि चहा पिता पिता हसत म्हणाली, “मॅट्रिकले एक बोकड लागला. एवढ्या मोठ्या नोकरीले किती लागते व?” मला कळेना. ती थबकली. “तुया बापानं तुले नाही सांगतलं?”

मग तिनं सगळं सांगितलं. परीक्षेच्या आधीच तुम्ही मरीमायला बोकडाचा नवस बोलला होतात. मी यवतमाळला असताना अंधार पडायच्या आत तुम्ही आणि आत्याचा नवरा त्याला शिवेवर घेऊन गेलात. मटण आत्याच्या घरी शिजलं. तुम्ही एक तुकडा खाल्ला नाही. तिनं विचारलं तेव्हा म्हणालात, “पोरगी नापास झाली असती तं गाव हासलं असतं. मायाच्यानं ते पाहवलं नसतं.”

आत्याला वाटलं, हे ऐकून मला भरून येईल. बाबा, मला राग आला, अजून आहे. मरीमायचा मला राग नाही. अडला की माणूस जुन्या दारी जातो, हे मी रोज पाहते. पण ज्या पोरीला तुम्ही कंदिलाजवळ बसवून अभ्यास करायला लावलंत, ती स्वतःच्या डोक्यानं पास होईल एवढा भरवसा तुम्हाला नव्हता. सगळ्या वस्तीला शहाणं केलंत आणि माझ्यासाठी मात्र भ्यालात. आणि वर मला फुलसावंगी दिलंत. खरं सांगितलं असतंत तर मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, पण ते तुम्ही जिवंत असताना तरी झालं असतं. आता कोणाशी भांडू? माझा पहिला निकाल माझा होता की त्या बोकडाचा, हे मी कोणाला विचारू?

काल एका गावात बाया जमल्या होत्या. मी नेहमीसारखी सुरुवात केली, चांगला नर कळपासाठी राखा, माझ्या बाबांनी राखला होता. एका बाईनं बकरीचा कासरा हातात धरूनच विचारलं, त्या बोकडाचं पुढं काय झालं. तिचा स्वतःचा नर मरीमायच्या नावानं सोडलेला होता. सासू ऐकत नव्हती, आणि मी काय उत्तर देते यावर तिला घरी जाऊन काय बोलायचं ते ठरणार होतं. मी म्हणाले, तो आमच्याच गोठ्यात म्हातारा झाला, आणि शेवटपर्यंत बाबांनी त्याला हातानं पाला चारला.

हे पत्र मी कुठं पाठवणार? पण एवढं सांगते. ते खोटं मी बोलत होते तेव्हा तुम्ही मला दिसत होतात, पाल्याची फांदी धरलेले, आणि तेवढा वेळ मला तुमचा राग आला नाही.