करवतीचं दुसरं टोक

लाकूडतोडीची छावणी,
१२ तारीख, बुधवार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानंच गोड मानून घे. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. खोलीवर नवे पत्रे घातले, त्यामुळे यंदा पावसात अंथरूण घेऊन कोपरे बदलत बसायला नको. मी ठणठणीत आहे.

तुझं पत्र मिळालं. 'एकटी बाईमाणूस' हे शब्द तू इतक्यांदा लिहिलेस की मलाच माझी कीव यायला लागली होती. दादा, मी एकटी नाही. दोघांची करवत एकटीनं चालत नाही, हे करवतीची यंत्रं विकता विकता तू विसरला असशील. माझ्या करवतीच्या दुसऱ्या टोकाला खांब असतो. उंचीमुळे सगळे त्याला खांबच म्हणतात, आणि बोलतोही तो खांबाइतकाच.

तू म्हणतोस, पुरे झालं ते रान, इकडे ये, मुलांकडे बघ. मुकादमानं तुला काय काय कळवलं असेल ते मी ओळखून आहे. त्याचा हात कागदावर चालतो तसा कधी करवतीवर चालला नाही. झाड यंत्रावर पडलं आणि यंत्राचा चुराडा झाला, हे खरं. तू विकलेलं यंत्र, तेव्हा तुला वाईट वाटणारच. पण ते माझ्या चुकीनं मोडलं हे साफ खोटं.

ते यंत्र तू पहिल्यांदा आणलंस तो दिवस आठवतो? इंजिनाकडे एक माणूस, पात्याच्या शेंड्याच्या मुठीला दुसरा, तेव्हा कुठे ते धूड उचललं जायचं. दोरी ओढून ओढून तुझा शर्ट भिजला, मग ते एकदाचं खोकलं. जरा तिरकं धरलं की रुसून बंद. नवी सून परवडली असं कोणीतरी म्हणालं आणि सगळी छावणी हसली. मग त्यानं चहा निवायच्या आत बुंधा कापला आणि हसणं थांबलं. हातकरवतीला त्यात अख्खी सकाळ गेली असती. बाबा खोडाभोवती फिरून आले आणि एवढंच म्हणाले, "कापतं चांगलं. पण दुसऱ्या टोकाचं माणूस कळत नाही ह्यात."

हातकरवतीत ते कळायचं. बाबांचा नियम एकच, करवत ओढायची, ढकलायची नाही. आपण ओढायचं आणि हात सैल सोडायचा, मग समोरचा ओढतो. ढकललं की पातं वाकतं आणि अडकतं. तू लहानपणी घाईघाईनं ढकलायचास आणि बाबा तिकडून म्हणायचे, "ओढ हवी रे, ओढ."

बाबा गेल्यावर मी यंत्र धरलं ते पोटासाठी. आणि मला ते आवडलं, म्हणूनही. हे ऐकून तुला बरं वाटेल की वाईट, कोण जाणे.

आता तू जे विचारलं नाहीस, पण ज्यासाठी एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, ते सांगते. मला ऐकू येत नाही. आधी पाखरं गेली, मग चुलीवरचं उकळतं पाणी, मग माणसं. यंत्रानं कान नेले. मी कोणाला बोलले नाही, कारण मुकादम मला काढायला टपूनच बसला होता.

त्या दिवशी झाड निम्म्याच्या पुढे कापलं गेलं होतं. माझा एक हात मुठीवर आणि एक सवयीनं खोडावर. तळव्याला आतून झटका बसला. झाड नको त्या बाजूला तडकत होतं. मी मूठ हिसडून जोरात ओढली आणि सोडून पळाले. खांब जुना करवत्या, त्याच्या हाताला ते कळलं. तोही पळाला. दादा, बाबांचं तेवढं एक चुकलं. यंत्रातूनही दुसऱ्या टोकाचं माणूस कळतं.

मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला की तो ओरडला होता, बहिरीला ऐकू आलं नाही आणि ती घाबरून यंत्र टाकून पळाली. आजपासून हिला यंत्र बंद. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, दुसरं यंत्र चालू करा. सगळ्यांनी पाठ करून उभं राहा, मुकादम मागून ओरडतील, ज्याला ऐकू येईल त्यानं हात वर करायचा. खांबानं दोरी ओढली. मी तेवढी मुकादमाकडे बघत होते: तोंड उघडं, मानेच्या शिरा टरारलेल्या. एक हात वर गेला नाही. यंत्र बंद पडलं तरी तो ओरडतच होता म्हणे. सगळे पोट धरून हसले, ते मात्र मला दिसलं.

मग खांब बोलला. त्याचे ओठ इतके क्वचित हलतात की वाचायला सोपे जातात. "तिनं ओढलं म्हणून मी उभा आहे. दुसऱ्या टोकाला तीच हवी. नाहीतर मीही नाही."

मुकादमाला असा करवत्या दुसरा मिळायचा नाही. तेव्हा सोमवारपासून मूठ पुन्हा माझ्या हातात.

मोडलेल्याच्या जागी नवं यंत्र तुझ्याच दुकानातून येणार आहे. ते पोचवायला माणूस धाडू नकोस, तूच ये. बाबा गेल्यापासून तू इकडे फिरकला नाहीस. माझे कान गेले ते तुझ्यामुळे, असं मनात घेऊन येणार असशील तर मात्र तिथेच थांब. तसलं ओझं वाहायला माझ्याकडे जागा नाही. बाबांची हातकरवत भिंतीवर आहे, तिला मी तेल लावत असते. एक ओंडका दोघं मिळून कापू. मला तुझी आठवण येते, दादा.

ओढ असेल तर ये. ढकलायला येऊ नकोस.

जागची न हलणारी,
तुझी धाकटी